बायोसचा पासवर्ड गेला, फोटो गेले नाहीत

आज बोलायचंय घरातल्या जुन्या डेस्कटॉपबद्दल. बटण दाबलं की विंडोज सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर पासवर्ड मागितला जातो, आणि तो कुणालाच आठवत नाही. हा बायोसचा पासवर्ड. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम. मेमरी, डिस्क, कीबोर्ड जागेवर आहेत ना, हे तो आधी तपासतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो.

बडोद्याला माझ्या मावशीकडे हेच झालं. काका गेले, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला. आत पंधरा वर्षांचे फोटो आणि घराच्या हप्त्यांचा सगळा हिशेब. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड बदलू, डिस्क फॉरमॅट करू. मावशीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मावशी, त्याला हो म्हणू नकोस. फोटो जिथल्या तिथे आहेत."

हे मी इतक्या ठामपणे का म्हणालो? जुन्या डेस्कटॉपमध्ये हा पासवर्ड बहुधा सीमॉस नावाच्या इवल्याशा मेमरीत असतो. सेटिंग अशा मेमरीत ठेवायची पद्धत आयबीएमने १९८४ साली पीसी एटी आणला, तेव्हापासूनची. वीज नसतानाही घड्याळ आणि सेटिंग टिकावी म्हणून या मेमरीला बॅटरी दिलेली असते: सीआर२०३२, ३ व्होल्टची, नाण्यासारखी चपटी. फोटो मात्र हार्ड डिस्कवर असतात. सीमॉस पुसली तरी डिस्कवरचं अक्षरही हलत नाही.

आता कृती. संगणक बंद करा आणि वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज संपेल. कॅबिनेट उघडा, त्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. बॅटरीच्या आसपास तीन पिना आणि त्यांतल्या दोनवर प्लास्टिकची टोपी दिसते; तिला जंपर म्हणतात. शेजारी 'क्लिअर सीमॉस' किंवा तशाच अर्थाची इंग्रजी अक्षरं असतात. टोपी पहिल्या-दुसऱ्या पिनेवरून दुसऱ्या-तिसऱ्या पिनेवर लावा, दहा सेकंद थांबा, पुन्हा मूळ जागी लावा. बोर्डाचं माहितीपत्रक मिळालं तर त्यात लिहिलेलं खरं माना. जंपर सापडला नाही, तर बॅटरी काढून अर्धा तास थांबा आणि अधिकचं चिन्ह वर ठेवून परत बसवा.

मावशीने हे व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या हाताने केलं. यंत्र सुरू झालं, तारीख मात्र जुनी दाखवत होतं. तारीख लगेच दुरुस्त करा, नाहीतर बँकेची वेबसाइट उघडणार नाही. विंडोज सुरूच झालं नाही, तर घाबरून फॉरमॅट करू नका. बायोसमध्ये डिस्कची सेटिंग बदललेली असू शकते. ती आधी पाहा.

दोन इशारे. लॅपटॉपमध्ये आणि काही डेस्कटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, तिथे बॅटरी काढून उपयोग नाही. खरेदीची पावती घेऊन कंपनीकडे जा. आणि डिस्कवर बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला हातच लावू नका. ती नसेल तर फोटो खरोखरच जातील.

यातून एक गोष्ट कळते. जे कुलूप मावशी स्क्रू-ड्रायव्हरने उघडते, ते चोरही उघडेल. बायोसचा पासवर्ड लहान मुलांना थोपवतो, कागदपत्रं राखत नाही. ती राखायची तर डिस्क एन्क्रिप्ट करा आणि तिची की कागदावर लिहून, विम्याची पॉलिसी ठेवता त्याच फायलीत ठेवा. फाइल कुठे आहे, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला आजच सांगा.