ग्रंथालयातील पडदा



नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ साली स्थापन झाले. एवढा जुना ठेवा गावात असूनही ज्याला वाचता येत नाही तो दाराबाहेरच राहतो. माझ्या अम्मीला अक्षरओळख नव्हती. ती मला वाचनालयाच्या पायरीपर्यंत सोडी आणि परत फिरे. म्हणून माझी नम्र सूचना अशी, की जिल्ह्यातील वाचनालयांनी महिन्यातून एकदा तरी चित्रपट दाखवावा.

आरंभ प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटाने करावा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आपल्याच जिल्ह्यातील नेवाशात. आणि पडद्यावर ज्ञानेश्वर साकारणारे शाहू मोडक नगरचेच, ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. आपल्या मातीचा हा धडा मुलांना भाषणाहून लवकर कळेल.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो. ती मुदत संपली नसेल तर, खेळ मोफत असला तरी, हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी. तसेच १९५२ च्या कायद्यानुसार सेन्सॉरचे प्रमाणपत्र आहे ना, हे पाहावे.

खेळ संपताच दिवे लावावेत. त्या विषयाची पुस्तके टेबलावर मांडावीत, एखादे पान मोठ्याने वाचून दाखवावे. एवढे केले नाही, तर ते नुसते थिएटर होईल.

मित्रहो, आईचे पाऊल एकदा आत पडले, की मुलीचे नाव सभासदांच्या यादीत यायला वेळ लागत नाही.