डास आपल्याच घरात जन्मतो

रोवणी आटोपत आली. दिवसभर चिखलात उभं राहून घरी यावं, तर दारातच डासांचा थवा. पाऊस आहे, डास तर राहणारच, असं आपण म्हणतो आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतो. धुराने डास घडीभर दूर जातो, मरत नाही. तान्ह्या लेकराला मात्र खोकला लागतो. म्हणून आज डास कसा हाकलायचा हे सांगत नाही, तो जन्मालाच येऊ नये म्हणून काय करायचं ते सांगते.

डासाची मादी पाण्यात किंवा पाण्याच्या काठाला अंडी घालते. अंड्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो आणि कोषातून डास उडतो. पावसाळ्याच्या उबेत याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे दर आठवड्याला साचलेलं पाणी ओतलं, तर अळीचा डास होतच नाही. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं, ते याचसाठी.

माझीच गोष्ट सांगते. उन्हाळा संपल्यावर आमचा कूलर सांदवाडीत ठेवला होता. एक दिवस टाकीत बॅटरी मारून पाहिली, तर चार बोटं पाणी आणि त्यात अळ्यांची नुसती वळवळ. गावातल्या नालीच्या नावाने ओरडणारी मी, आणि डास माझ्याच घरी पाळलेले!

तर मैत्रिणींनो, घराभोवती एक चक्कर मारा. कूलरची टाकी, जुने टायर, फुटका माठ, नारळाची करवंटी, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, लाकडांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, कापलेल्या बांबूचे पोकळ खुंट, सगळं पाहा. डासाला वाटीभर पाणीही पुरतं. जे ओतता येतं ते ओता, जे लागत नाही ते पालथं घाला. रांजण, ड्रम आणि गुरांची नांद आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. घासायचं विसरू नका, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीच महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. भरलेल्या ड्रमवर कापड घट्ट बांधा. संडासाच्या टाकीच्या उभ्या पाइपाला जाळी लावा. न्हाणीचं आणि हातपंपाचं पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडा. विहिरीसारखं पाणी उपसता येत नसेल, तर गप्पी मासे कुठे मिळतील ते आरोग्य केंद्रात विचारा.

आता एक खरी गोष्ट. सगळे डास सारखे नसतात. अंगावर पांढरे पट्टे असलेला डास दिवसा चावतो, घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि डेंग्यू देतो. घाण पाण्यातला डास रात्री चावतो, त्याच्यापासून हत्तीपाय होतो. हे दोन्ही बरेचसे आपल्या हातात आहेत. पण हिवतापाचा डास बोडीच्या काठी, धानाच्या बांधीत, जंगलातल्या नाल्यात वाढतो. ते पाणी आपण ओतू शकत नाही. तिथे मच्छरदाणीच कामाची.

राज्यात हिवताप जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपला गडचिरोली वर्षानुवर्षे वरच्या रांगेत आहे. तरी औषध लावलेली मच्छरदाणी कुठे पेटीत घडी होऊन पडते, कुठे मासे धरायला जाते. ती वापरा. हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा. रात्री धान राखायला शेतावर जाणाऱ्या घरधन्यासोबत पाठवा, मोहफुलाच्या दिवसांत अंगणात झोपता तेव्हा खाटेला बांधा. गरोदर बाई आणि लहान मूल रोज मच्छरदाणीतच झोपलं पाहिजे. दिवसा पाळण्यावरही टाका.

घरात फवारणीवाले आले, तर आतल्या खोल्याही फवारू द्या. नंतर सणासाठी भिंत पोतारायचा मोह होतो, पण औषध भिंतीवर असतं आणि डास तिथेच बसून मरतो. वरून माती फिरवली की औषध झाकलं जातं. पोतारायचं असेल तर फवारणीच्या आधी पोतारा.

एवढं करूनही ताप आलाच, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी आशाताईला बोलवा. बोटातल्या थेंबभर रक्ताने पंधरा-वीस मिनिटांत हिवतापाचं कळतं, तपासणी आणि गोळ्या फुकट असतात. पुजाऱ्याकडे जायचं असेल तर जा, पण रक्त आधी तपासा. आपल्याकडे आढळणारा फॅल्सिपेरम हिवताप डोक्यात गेला तर जीव घेतो. झटके, बेशुद्धी, सारख्या उलट्या, लेकरू दूध ओढत नसेल, तर थेट दवाखाना गाठा. ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. डेंग्यूचा संशय असेल तर अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

शेवटची गोष्ट. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही. तुम्हाला चावतो तो तुमच्या नाहीतर शेजारणीच्या ड्रममधला. म्हणून एकटीने स्वच्छता करून भागत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की एक वार ठरवा. त्या सकाळी आळीतल्या सगळ्या घरी एकाच वेळी भांडी पालथी झाली पाहिजेत. म्हाताऱ्या, एकट्या बाईचा रांजण दोघींनी मिळून घासून द्या. तासाभराचं काम आहे. तापात पडलेल्या एका लेकरापायी किती दिवसांची मजुरी बुडते, ते आपल्याला माहीत आहेच.

आज रेडिओ बंद केल्यावर आधी कूलर बघा. नमस्कार.