दोन दारांची शाळा



स्वागत समितीच्या वतीने पुण्यात गावोगावहून आलेल्या तुम्हा सर्व शिक्षकांचं मनापासून स्वागत. हक्काची सुट्टी बाजूला ठेवून तुम्ही आलात, याचं मोल आम्ही जाणतो.

परिषदेचा विषय मानवी हक्कांचं शिक्षण. म्हणून आज बोस्नियातल्या शाळांविषयी बोलतो. १९९२ ते १९९५च्या युद्धात तिथे सुमारे एक लाख माणसं मेली. परागंदा झालेली कुटुंबं गावी परतू लागली, तेव्हा मुलांसाठी तात्पुरती सोय निघाली: एका छपराखाली दोन शाळा. बोस्नियाक समाजाची मुलं एका दाराने आत जाणार, क्रोएट समाजाची दुसऱ्याने. मुख्याध्यापक दोन, इतिहासाची पुस्तकं निराळी, कुठे सकाळ-दुपारच्या पाळ्याही वेगळ्या. त्राव्निकमध्ये तर शाळेच्या आवारात मधोमध कुंपण. २०१४मध्ये ‘फेडरेशन’ या देशाच्या घटक भागाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत भेदभावाची ठरवली. तरी ती सरली नाही.

आणि याच देशातल्या माध्यमिक शाळांत ‘लोकशाही आणि मानवी हक्क’ हा विषय शिकवतात! तास संपला की मूल पुन्हा आपापल्या दाराने बाहेर. त्याच्या मनात काय उरत असेल? माझं ठाम मत आहे, दारच उरत असेल.

पण मुलं गप्प बसली नाहीत. याय्त्से गावात बोस्नियाक मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढायचं घाटत होतं. २०१६पासून दोन्हीकडची मुलं एकत्र रस्त्यावर उतरली, आणि २०१७मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. शिकलेला धडा त्यांनी मोठ्यांनाच ऐकवला. मला त्या मुलांचा फार अभिमान वाटतो.

बोस्नियातल्याच मोस्तार शहरात, जुन्या जिम्नॅशियममध्ये म्हणजे माध्यमिक शाळेत, २००६ साली युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. तिथे सगळ्या समाजांची मुलं एका वर्गात बसतात. त्याच परिवारातलं महिंद्र कॉलेज १९९७पासून इथे मुळशीत आहे.

चर्चेला बसाल तेव्हा पाठ्यपुस्तकाबरोबर आपली शाळाही डोळ्यांपुढे आणा. खिचडीच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, शेवटच्या बाकावर कायम कुणाची मुलं असतात, वर्ग झाडायला कुणाला सांगितलं जातं, हे इथे मोकळेपणाने बोला. कटू वाटलं तरी बोला.

राहण्या-जेवणात काही उणं वाटलं तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता अध्यक्ष महोदयांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी विनंती करतो.