वेगळी यादी



कागदपत्रं आणि नागरिकत्व हा आजचा विषय. त्यासाठी मी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को बंदरात नेणार आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे हाँगकाँगहून आगबोटी येत आणि त्यांतून चिनी माणसं उतरत. कुणी खाणीत काम करायला आलेलं, कुणी रेल्वेचे रूळ टाकायला, कुणी शेतीत राबायला, कुणी कपडे धुण्याचं दुकान चालवायला.

६ मे १८८२ रोजी अमेरिकेने चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी करणारा कायदा केला. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी यांना प्रवेश होता, पण तसा दाखला दाखवून. या कायद्याचं आठवं कलम वाचण्यासारखं आहे. बोटीच्या कप्तानाने कस्टम अधिकाऱ्याला मालाची यादी देतानाच चिनी प्रवाशांची वेगळी यादी द्यायची. ती दिल्याशिवाय एकाही चिनी माणसाला किनाऱ्यावर उतरू द्यायचं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या अशा याद्या आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या वाचणाऱ्याला पहिली अडचण येते ती नावांची. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो. कारकुनाने अनेकदा शेवटचा शब्दच आडनाव धरला. दक्षिण चीनमध्ये लाडाने नावाआधी ‘आ’ लावतात. तोही नावाचा भाग म्हणून लिहिला गेला. लग्नानंतर पुरुषाला आणखी एक नाव मिळे. मग दोन कागदांवर दोन नावं दिसली, की संशय त्या माणसावरच.

बरं, कागद बिनचूक असला तरी भागत होतं का? चे चान पिंग हा मजूर बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहिला. १८८७ साली परत येण्याचा सरकारी दाखला घेऊन तो मायदेशी गेला. परतताना तो समुद्रात असतानाच, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, नवा कायदा झाला आणि असे सगळे दाखले रद्द झाले. आठवड्याभराने त्याची बोट बंदराला लागली. त्याला उतरू दिलं नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. असे दाखले घेऊन बाहेर गेलेले सुमारे २० हजार लोक होते.

१८९२ मध्ये देशात राहणाऱ्या चिनी मजुरांनाही रहिवासाचा दाखला सक्तीचा झाला. तो नसेल, तर आपण आधीपासून इथेच राहत होतो हे सांगायला गोरा साक्षीदार हवा. चिनी संघटनांनी नोंदणीवर बहिष्कार टाकला आणि हजारोंनी तो पाळला. १८९३ मध्ये न्यायालयाने कायदाच उचलून धरला. तरी लढाई थांबली नाही. सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेला वाँग किम आर्क १८९५ साली चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरातच बोटींवर अडकवून ठेवलं. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ असा निकाल दिला : अमेरिकेत जन्मला, म्हणून तो नागरिक. त्या खटल्याचा आधार पुढे कितीतरी स्थलांतरितांच्या मुलांना मिळाला.

१९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहरातल्या जन्मनोंदी जळाल्या. मग अनेकांनी आपण इथेच जन्मल्याचं सांगितलं आणि पुढे कुणाची तरी ‘मुलं’ म्हणून इतर तरुण येऊ लागले. त्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. त्यांना पकडायला १९१० पासून एंजल आयलंडवर उलटतपासणी चाले. घराला पायऱ्या किती? विहीर कुठे? शेजाऱ्याला मुलं किती? बापाचं आणि मुलाचं उत्तर जुळलं नाही, तर परत पाठवणी. त्यामुळे सख्ख्या मुलालाही स्वतःच्याच घराच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत.

आता याची दुसरी बाजू. संशयापोटी लिहिलेल्या त्याच फायलींतून आज नातवंडं-पतवंडं आपल्या पूर्वजांचं गाव, घर, गल्ली शोधतात. काहींना आपलं खरं आडनावही तिथेच कळतं.

हा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, तोही वर्षाला १०५ जणांची मर्यादा घालून. त्याआधी, १९१७ मध्ये, अमेरिकेने आशियातल्या मोठ्या पट्ट्याला प्रवेशबंदी केली होती. त्यात हिंदुस्थानही होता. एका समाजासाठी वेगळी यादी निघाली, की ती तिथेच थांबत नाही. म्हणून पहिल्या यादीच्या वेळीच बोलावं लागतं, यादीत आपलं नाव असो वा नसो.

आपल्या घरांतही एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असतं. घरी गेल्यावर आजी-आजोबांना त्यांची नावं, गावं, जन्माच्या आठवणी विचारा आणि लिहून ठेवा. कुणी दारात येऊन विचारण्याआधी आपण आपुलकीने विचारलेलं बरं.