पिस्तुलाला वजन असतं

कमी बजेटच्या टीव्ही क्राइम सिनेमात मला एक गोष्ट फार खुपते: पिस्तुलाला वजनच नसतं. आपल्या पोलिसांचं नाइन एमएम पिस्तूल रिकामंसुद्धा ९०० ग्रॅमच्या आसपास भरतं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. पडद्यावरचा इन्स्पेक्टर ते मोबाइलसारखं फिरवतो, २० गोळ्या झाडतो आणि वरची स्लाइड जागची हलत नाही! खऱ्या पिस्तुलात प्रत्येक गोळीला स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर उडते. रिव्हॉल्व्हरची पुंगळी आतच राहते, तरी यांना ती जमिनीवर सापडते. असो.

आमच्या शॉर्टफिल्मसाठी मी चाकणच्या एका सीएनसीवाल्या मित्राला म्हटलं, “हुबेहूब जॉब काढून दे ना.” तो म्हणाला, “येडा झालास का? उद्या पोलीस शेडवर आले तर पिक्चरसाठी होतं म्हणून सांगू?” विनापरवाना शस्त्र बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. आपलं नुसतं खेळणं, पण ते पटवून देईपर्यंत त्याच्या १२ पोरांचं काम बंद. मला तेव्हा रागच आला होता.

शेवटी त्यानंच लाकडी पिस्तुलात लोखंडी बारचे तुकडे ठोकून दिले. मोशीत रात्री शूट केलं. गोळीबार दाखवलाच नाही; बंद दार आणि आवाज, बस्स. चौथ्या टेकला हिरोचा हात वजनानं थरथरायला लागला. तोच टेक ठेवलाय.