प्रयोगशाळेतला मुका जीव
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मनुष्य. बी.ए., बी.एड. एवढीच माझी पदवी. प्रयोगशाळेतील प्राण्यांची निगा या विषयावर मी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी हा विषय मुद्दाम माझ्याकडे ढकलला. का ढकलला ते त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. तेच आधी सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल.

मी पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे विज्ञानाच्या खोलीत सशांची एक जोडी ठेवलेली होती. त्यांच्यावर प्रयोग वगैरे काही होत नसत. प्राणी कसा सांभाळावा हे मुलांना कळावे, एवढाच हेतू. एका वर्षी उन्हाळ्यात ईदची सुटी रविवारला जोडून आली. शिपाई गावी गेला आणि किल्ली माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी गेलो, हिरवा पाला टाकला, पाण्याची बाटली पाहिली. काठोकाठ भरलेली. समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची वर्दळ होती, म्हणून खिडकीतूनच डोकावलो. बाटली भरलेलीच होती. तिसऱ्या दिवशी दार उघडले तेव्हा मादी मरून पडली होती आणि नर कोपऱ्यात धापा टाकत होता. बाटलीच्या नळीतील गोळी अडकली होती. पाणी डोळ्यांसमोर होते, पण थेंबभर बाहेर येत नव्हते. वर पत्रा तापलेला.

शाळा उघडल्यावर मी मुलांना काय घडले ते सांगितले. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बाटली दोन दिवस भरलेलीच होती, म्हणजे ते पीत नाहीत, हे तुम्हाला कळलं नाही?"

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही.

आपल्या घरांत लहानपणापासून एक गोष्ट सांगितली जाते. एका बाईने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायला घातले नाही, स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही, आणि त्यापायी ती शिक्षेस पात्र झाली. मी ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली होती, मुलांना सांगितलीही होती. त्या दिवसापर्यंत ती बाई मला कोणीतरी दुष्ट स्त्री वाटत असे. तिच्याही घरी त्या दिवसांत पाहुणे आले असतील, असे आता वाटते.

आता मूळ विषयाकडे येतो. प्रयोगशाळेत प्राणी लागतातच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. कोकणातल्या माणसाने तो विचारण्यापूर्वी फुरसे आठवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा देतात, ती हळूहळू वाढवीत नेतात. त्याच्या रक्तात विषाशी झुंजणारी द्रव्ये तयार झाली म्हणजे थोडे रक्त काढून त्यातून लस बनवतात. आपल्या शेजारपाजारचा एखादा कातकरी किंवा गवत कापणारी एखादी बाई आज हिंडते-फिरते आहे, ती एका घोड्याच्या उपकाराने. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा डॉ. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली. ती आधी सशांना टोचून पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आपल्यापैकी कितीतरी घरांत रोज इन्सुलिनची सुई घेतली जाते. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले, त्यामागे कुत्र्यांवरील प्रयोग होते. हे ऋण नाकारून चालणार नाही.

पण त्याच इन्सुलिनची पुढची हकीकतही ऐका. कितीतरी वर्षे ते गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. पुढे शास्त्रज्ञांनी सूक्ष्म जंतूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्याची युक्ती शोधली आणि १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. जनावरावाचून भागते का, हे कोणीतरी चिकाटीने पाहिले म्हणून हे झाले. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्यांसाठी तीन कसोट्या मांडल्या. प्राण्याऐवजी दुसरे काही चालेल का? चालत नसेल तर कमीत कमी किती प्राण्यांत भागेल? आणि जे प्राणी घेतले त्यांची वेदना कशाने कमी होईल? जगभरच्या प्रयोगशाळांत आज याच कसोट्या लावतात. तिन्ही प्रश्न समजायला शास्त्राची पदवी लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या देशाचा कायदाही याच वळणाचा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठवला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात असे आहे की प्रयोग करताना भूल द्यावी. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिकवण्याचे काम भागत असेल तेथे प्राणी वापरू नये. केवळ हाताला सफाई यावी म्हणून शक्यतो जीव घेऊ नये. प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतरही प्राण्याची नीट निगा राखावी. ज्या संस्थेत असे प्रयोग चालतात तिला सरकारी समितीकडे नोंदणी करावी लागते आणि स्वतःची नीतिसमिती नेमावी लागते. या नीतिसमितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, आणि विज्ञानाबाहेरचा, समाजाची जाण असलेला एक सदस्यही असतो. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. म्हणजे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही तेथे बसून प्रश्न विचारता येईल!

आता पालकांचे दोन प्रश्न. दोन्ही मला शाळेच्या फाटकात उभे राहून विचारले गेले आहेत.

एक गृहस्थ म्हणाले, "सर, आम्ही बकरा कापतो, कोंबडी कापतो, मग उंदराचे एवढे लाड कशासाठी?" मी त्यांना विचारले, "चाचा, बकऱ्यासमोर तुम्ही सुरी पाजळता का?" ते म्हणाले, "तौबा, असं कोण करतं?" "आणि आधी पाणी दाखवता ना?" "दाखवावंच लागतं." मग मी म्हटले, चाचा, प्रयोगशाळेचा नियम याहून निराळा नाही. जनावर कामी आणण्याची परवानगी आहे, म्हणून त्याला वाटेल तसे वागवण्याची परवानगी मिळत नाही. हे आपल्या घरातले जुने शिक्षण आहे. पांढरा कोट अंगावर चढला की मुलाने ते विसरू नये, एवढेच पाहायचे.

दुसरा प्रश्न एका आईचा. मुलीला प्राणिशास्त्र घ्यायचे होते, पण बेडूक कापायच्या नुसत्या कल्पनेने तिला रडू येई. "एवढं नाजूक मन असेल तर सायन्सला पाठवू नका, असं सगळे म्हणतात," असे आई म्हणत होती. माझी थोरली बहीण कॉलेजात असताना पहिल्या विच्छेदनाच्या दिवशी न जेवता झोपली होती आणि पुढच्या वर्षी तिने विषयच बदलला. ती विज्ञानात राहिली असती तर चांगली शिक्षिका झाली असती, असे मला अजून वाटते. म्हणून मी त्या आईला ठासून सांगितले, मुलीला पाठवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले आणि २०१४ मध्ये ते थांबवण्याचाच निर्णय दिला. प्रतिकृती आहेत, संगणकावरील चित्रे आहेत. आणि ज्या मुलीला दुसऱ्या जिवाचे दुखणे कळते तिची तर प्रयोगशाळेला जास्त गरज आहे. घाबरलेल्या, उपाशी, तहानलेल्या प्राण्यावर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्षही भरवशाचे नसतात. त्याची भीती जिला ओळखता येते, तिच्या वहीतले आकडे जास्त खरे असतील.

हे ओळखणे शिकवावे लागते, आणि ते शाळेतच शिकवता येते. विद्यार्थी मित्रांनो, ससा कानांना धरून कधीही उचलायचा नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि तो अंगाशी घ्यायचा. मागचे पाय अधांतरी राहिले तर तो असा काही झटका देतो की त्याचाच कणा मोडतो. ससा दिवसभर काही खात नसेल तर उद्या खाईल म्हणून थांबू नका. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, त्याच दिवशी पशुवैद्याला विचारा. कडक ऊन त्याला सोसत नाही. पांढरा उंदीर शेपटीच्या टोकाला धरून लोंबकळवायचा नाही. तो रात्री जागणारा जीव आहे, दिवसा पिंजऱ्यावर टकटक करून त्याला उठवण्यात कसली मर्दुमकी? पिंजरा हाताळण्यापूर्वी आणि नंतर हात धुवायचे. आणि कौतुकाने कोणी रानातला पोपट किंवा कासव पकडून शाळेत आणू नका. त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. (गेल्या वर्षी एकाने आणले होते. कोणी ते त्याला माहीत आहे.)

वाचलेला तो नर ससा पुढे तीन वर्षे जगला. त्या नववीतल्या मुलीनेच एक वही घातली. तिच्यात रकाने होते: तारीख, वेळ, खाणे, लेंड्या, खोलीची उष्णता. आणि शेवटच्या रकान्यावर तिने लिहिले होते, 'पाणी किती कमी झाले'. पाणी आहे की नाही, असा रकानाच तिने ठेवला नाही. या शाळेत आलो तेव्हा तशीच वही मी येथेही सुरू केली. आता विज्ञानाच्या खोलीत दोन ससे आणि चार पांढरे उंदीर आहेत. सुटीतली पाळी कोणी एकटा करीत नाही. दोघे जातात, बाटली हातात घेऊन नळीतून थेंब पडतो की नाही ते बोटावर पाहतात, आणि दोघेही सही करतात.

मे महिन्याच्या सुटीची यादी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावली आहे. पहिल्या आठवड्यात माझे नाव आहे, सोबत आठवीतला एक विद्यार्थी आणि त्याचे वडील. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यासाठी अजून दोन घरे हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी जाताना नाव लिहावे.