उभ्या मोटारीची वीज



पोलिसांची मोटार म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें धांवती गाडी येते. भोंगा वाजत आहे, टपावरचे लाल-निळे दिवे लुकलुकत आहेत आणि रस्त्यांतील माणसें बाजूस सरत आहेत, असें तें चित्र असतें. प्रत्यक्षांत त्या गाडीच्या सेवेचा मोठा भाग एका जागीं उभें राहण्यांत जातो. नाकाबंदी असो, गणपतीची मिरवणूक असो, कसाऱ्याच्या घाटांतला अपघात असो, कीं परीक्षेच्या दिवशीं शाळेच्या फाटकापाशीं ठेवलेला बंदोबस्त असो. गाडी उभी असते, इंजिन बंद असतें, पण गाडीचें काम बंद नसतें. टपावरील दिवे चालू असतात, बिनतारी संदेशयंत्र कान टवकारून बसलेलें असतें, आणि कोणाचा तरी मोबाईल तेथेंच भरत असतो. ही सारी वीज येते कोठून, ती किती वेळ पुरते, आणि ती संपूं नये म्हणून काय उपाय योजतात, हें आज आपणांस सांगावयाचें आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु रात्रीं दोन वाजतां घरांत चोर शिरल्याची चाहूल लागून आपण ११२ या क्रमांकावर हांक मारतों, त्या वेळीं पोलीस किती शूर आहेत यापेक्षां त्यांची गाडी पहिल्या किल्लीस सुरू होते कीं नाहीं, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

नाशिकास हा विषय परका नाहीं. पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी संस्था १९०६ सालीं पुण्याजवळ भांबुर्ड्यास निघाली, १९०९ सालीं ती नाशिकास आली, आणि त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमी हें तिचेंच आजचें रूप. दुसरीकडे, ज्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ गाड्या पोलीस ठाण्यांच्या दारांत आपण पाहतों, त्या महिंद्र कंपनीच्या नाशिकच्या कारखान्यांत वर्षानुवर्षें तयार होत आल्या आहेत. फौजदारही येथेंच घडतो आणि त्याची गाडीही येथेंच घडते!

आतां मूळ वस्तूकडे वळूं. मोटारीची बॅटरी ही फार जुनी चीज आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी तयार केली. आपल्या गाडींतील बॅटरी ही तिचीच पणती. हिच्या पोटांत सहा कोठे असतात आणि प्रत्येक कोठा दोन व्होल्टांहून किंचित् अधिक दाब देतो. पूर्ण भरलेल्या व विसावलेल्या बॅटरीचा एकूण दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास असतो. ती निम्मी रिकामी झाली म्हणजे तो १२.२ च्या जवळ येतो. भरलेली बॅटरी आणि अर्धी बॅटरी यांत अंतर तें अवघें चार दशांश व्होल्टांचें! दिव्यांकडे पाहून तें कळत नाहीं, कारण दिवे पूर्वींइतकेच प्रखर दिसतात. सारा घोटाळा येथेंच आहे.

या बॅटरीकडून मोटार दोन अगदीं भिन्न कामें घेते. इंजिन सुरू करतांना दोन-तीन सेकंदच, पण दीडशें-दोनशें अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह तिनें द्यावयाचा असतो. पहिलवानानें एका झटक्यांत दगडी गोटी उचलावी तसें तें काम आहे. उभ्या गाडीचे दिवे व यंत्रें चालविणें हें काम निराळें. तें हमालाचें, ओझें हलकें, पण वाट लांबची. मोटारीची बॅटरी घडविलेली असते ती पहिलवानकीसाठीं, आणि म्हणून तिचे पत्रे पातळ व पुष्कळ असतात. तिला हमाली करावयास लावून वरचेवर तळापर्यंत रिकामी केली, तर पत्र्यांवर शिशाचा पांढरा क्षार घट्ट बसतो, आणि मग कितीही भरली तरी तिची पूर्वींची धारणशक्ति परत येत नाहीं.

विजेच्या स्टार्टरची सोय १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीवर प्रथम आली. पुढें अमेरिकेंतील डेट्रॉईट शहरानें १९२८ सालीं गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसविला. त्यांत पोलिसांना ऐकतां येई, उत्तर देतां येत नसे. बेयॉन या गांवीं १९३३ सालीं दोहों बाजूंनीं बोलण्याची व्यवस्था झाली. तेव्हांपासून निघालेलें प्रत्येक नवें यंत्र त्याच जुन्या बॅटरीच्या पाठीवर चढत आलें आहे. महाराष्ट्रांत २०२१ सालीं ११२ ची योजना सुरू झाली, तेव्हां गाडींत एक लहानसा पडदाही आला. हांक कोठून आली तें त्यावर दिसतें, आणि गाडी कोठें आहे हें नियंत्रण कक्षास कळतें. सोय उत्तमच, पण तोही पडदा वीज खातो.

थोडें अंकगणित करूं. शाळामास्तराची ही खोड आपण चालवून घ्यावी. समजा, बॅटरी सत्तर अँपिअर-तासांची आहे, आणि दिवे, बिनतारी, पडदा, कॅमेरा मिळून दहा अँपिअर प्रवाह घेतात. पाटीवरचें उत्तर सात तास येईल. पण सातवा तास संपेपर्यंत स्टार्टरसाठीं कांहींच उरत नाहीं. निम्मी वीज राखून ठेवावयाची म्हटली तर हाताशीं साडेतीनच तास राहतात, आणि बॅटरी जुनी असेल तर तेही नाहींत. संध्याकाळीं सातला लागलेली नाकाबंदी साडेदहाच्या पुढें सहज चालते.

"मग इंजिन चालूच ठेवावें," असें कोणी म्हणेल. बहुतेक ठिकाणीं होतें तेंच. परंतु उभ्या डिझेल गाडीचें इंजिन ताशीं अर्धा ते एक लिटर तेल जाळतें, आणि हवालदारानें आठ तास त्याच धुराशेजारीं उभें राहावयाचें! शिवाय, मंद चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर आपली पूर्ण शक्ति देत नाहीं. मोठ्या भारापुढें तेल जळतें तें जळतेंच, आणि बॅटरी हवी तशी भरतही नाहीं.

याहून शहाणपणाचा उपाय आपल्या घरींच आहे. भारनियमनाच्या दिवसांत नाशिकच्या घराघरांत इन्व्हर्टर आले. वीज फार वेळ गेली म्हणजे इन्व्हर्टर चीं चीं करतो आणि थोड्या वेळानें आपण होऊन बंद पडतो. आपण त्याच्यावर चिडतों; पण बॅटरी मरूं नये म्हणून त्यानें घेतलेली ती खबरदारी असते. पोलिसांच्या गाडींत बसवावयाचा बॅटरीरक्षक याच जातीचा. मागाहून बसविलेलीं यंत्रें आणि बॅटरी यांच्यामध्यें हा पहारेकरी बसतो. दाब ठराविक मर्यादेखालीं गेला कीं आधीं सूचना देतो व मग यंत्रांचा पुरवठा तोडतो. इंजिन सुरू होऊन दाब तेराच्या वर चढला कीं तो पुरवठा पुन्हां जोडतो. फरक इतकाच कीं, घरच्या इन्व्हर्टरला कांहीं सुरू करावयाचें नसतें. म्हणून तो साडेदहा व्होल्टांपर्यंत वाट पाहूं शकतो. गाडीच्या रक्षकाला स्टार्टरचा वांटा मागें ठेवावयाचा असतो, म्हणून त्याची मर्यादा बरीच वर, बाराच्या आसपास, ठेवावी लागते. स्टार्टर फिरतांना दाब क्षणभर खालीं येतोच. तेवढ्यानें घाबरून यानें पुरवठा तोडूं नये म्हणून त्याला मिनिट-दोन मिनिटें थांबावयास शिकविलेलें असतें.

येथपर्यंत मिस्त्रीचें काम झालें. पण पुरवठा तोडावयाचा तो प्रथम कशाचा? माझ्या मतें या साऱ्या विषयांतील कठीण प्रश्न हाच आहे, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. स्वस्त रक्षक सर्व यंत्रें एका क्षणीं अंधारांत लोटतो. बरा रक्षक पायरीपायरीनें तोडतो. त्याला पायऱ्या मात्र माणसानें नेमून द्याव्या लागतात. कार्यालयांत बसून यादी केली, तर मोबाईल भरण्याची सोय प्रथम जाईल, मग टपावरील दिवे, मग पडदा, आणि बिनतारी शेवटीं. शहरांतल्या नाकाबंदीला ही यादी ठीक आहे. परंतु कसाऱ्याच्या घाटांत पावसाळी धुक्यांत एक ट्रक उलटला आहे, पोलिसांची गाडी त्याच्या मागें आडवी लावली आहे, आणि दोघे शिपाई रस्त्यांत उभे राहून वाहनें वळवीत आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणा. तेथें टपावरचे दिवे हेच त्या दोघांचें चिलखत होय. ते दिवे यंत्रानें नियमाप्रमाणें विझविले, तर मागून उतरणाऱ्या ट्रकवाल्यास ना गाडी दिसेल, ना माणसें. अशा वेळीं बॅटरी मेली तरी चालेल. दिवे जळले पाहिजेत.

म्हणून अशा रक्षकाला एक कळ असली पाहिजे, जी दाबतां शिपायास आपल्या जबाबदारीवर मुदत वाढवून घेतां येईल. आणि पायऱ्यांचा क्रम ठरवितांना, जो रात्रीं रस्त्यावर उभा राहतो त्याला विचारलें पाहिजे. सुरगाण्याच्या ठाण्याची गरज आणि पंचवटीच्या ठाण्याची गरज एक नव्हे. सिंहस्थांत तर एकेका गाडीला गर्दींत दिवसभर एका जागीं रुतून बसावें लागतें, आणि रुग्णवाहिकेला वाट द्यावयाची झाली तर तिनेंच प्रथम हललें पाहिजे. २०१५ चें पर्व ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. २००३ सालच्या २७ ऑगस्टची चेंगराचेंगरी आठवली म्हणजे वाट मोकळी असण्याचें मोल कळतें. अशा जागीं यादी वेगळी, आणि स्टार्टरचा वांटा सर्वांत आधीं.

पैसा असेल तर यंत्रांसाठीं दुसरी बॅटरीच द्यावी, हा सरळ मार्ग आहे. इंजिन चालू असतां रिले दोन्ही बॅटऱ्या जोडून भरूं देतो, बंद होतांच त्यांना विलग करतो; मग यंत्रांनीं आपली बॅटरी संपविली तरी स्टार्टरची शाबूत राहते. जागा, वजन आणि खर्च मात्र वाढतो.

रक्षकाइतकाच महत्त्वाचा, आणि त्याहून फार स्वस्त, असा फ्यूज. पुष्कळांची समजूत अशी कीं फ्यूज यंत्राला वांचवितो. वस्तुतः तो वांचवितो तारेला. बॅटरीच्या धन अग्रापासून निघालेली तार कोठें पत्र्यावर घासून उघडी पडली, तर बॅटरी तिच्यांतून शेंकडों अँपिअर ओतते. तार लाल होते आणि आसनाची गादी पेट घेते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर पाहिजे. यंत्राजवळ बसविला तर मधली तार उघड्यावरच राहिली. जळालेल्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळण्याची जी चाल आहे, ती घरीं काय आणि गाडींत काय, सारखीच घातक.

बॅटरीचीं अग्रें सैल असणें हाही एक छुपा शत्रु. इंजिन चालू असतां, विशेषतः बॅटरी भरत असतांना, जोड सुटला तर अल्टरनेटरचा दाब क्षणार्धांत ऐंशी-शंभर व्होल्टांपर्यंत उसळूं शकतो, आणि नाजूक पडदा व बिनतारी तेथेंच आटोपतात. त्यासाठीं दाबशोषक मिळतात. पण महिन्यांतून एकदां पाना घेऊन अग्रें आवळणें त्याहूनही स्वस्त आहे.

आपल्या जिल्ह्याचें हवामानही विसरतां येत नाहीं. उन्हाळ्यांत मालेगांवच्या बाजूस इंजिनाखालची उष्णता बॅटरीचें आयुष्य खाते, आणि मग निफाडच्या गारठ्यांत, जेथें पारा पांच अंशांच्याही खालीं जातो, त्या अशक्त बॅटरीची परीक्षा होते. थंडींत बॅटरीचा जोर घटतो आणि इंजिनाचें तेलही दाट होऊन अधिक जोर मागतें. गाडी बंद पडते ती जानेवारींत, दुखणें लागलेलें असतें तें मे महिन्यांतलें. आपल्या खाजगी मोटारीचीही हीच कथा. दिवाळीपूर्वीं एकदां बॅटरी तपासून घेतलेली बरी.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या म्हणजे हा प्रश्न मिटेल, असें कांहीं श्रोत्यांच्या मनांत आलें असेल. त्या गाड्यांतही दिवे, कुलपें आणि मेंदू चालविण्यासाठीं बारा व्होल्टांची एक लहान बॅटरी बहुधा असतेच, आणि मोठी बॅटरी जोडून देण्याचा हुकूम त्या लहानीकडूनच सुटतो. ती लहान बॅटरी बसली, तर पोटांत शंभर कोसांची वीज भरलेली असूनही गाडी जागची हलत नाहीं.